बाकावरची न्याहारी

बुटकीने डबा परत काडीच्या पुढ्यात सरकवला.

"आज मी घेणार नाही," ती हळूच म्हणाली.

काडीला वाटलं, थट्टा करतेय. तिने बाकाखालून डबा पुन्हा ढकलला. तो पुन्हा परत आला. आत उकडलेलं अंडं, पावाचे दोन जाड तुकडे, एक केळं. रोजचंच.

शाळेची न्याहारी आधी कॅन्टीनमध्ये मिळायची, घंटा होण्यापूर्वी. हवं त्याने जावं. काडी कधी गेली नाही. घरी सांगायची, शाळेत खाते. शाळेत सांगायची, घरून खाऊन आले. दोन थापा एकमेकींना टेकून छान उभ्या होत्या. मग नव्या मुख्याध्यापिका आल्या. कॅन्टीनमध्ये जायला मुलं लाजतात, ज्यांना गरज तीच उपाशी राहतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी न्याहारी ढकलगाडीवर घालून वर्गावर्गांत आणली. पहिल्या तासाला दार लोटायचं आणि सगळ्यांनी आपापल्या बाकावर खायचं. वर्ग खूश झाला. काडीची मात्र अडकित्त्यातल्या सुपारीसारखी गत झाली. डावीकडे भिंत, उजवीकडे बुटकी, समोर डबा, आणि वर्गभर फिरणाऱ्या बाई.

तिला भूक लागत नव्हती असं नाही. पण घरच्या एका कार्यक्रमात मामाने सगळ्यांदेखत 'आमचा भोपळा' म्हणत तिचा गाल ओढला होता. सगळे हसले होते, तीही हसली होती. त्या दिवसापासून तिने खाण्यात हात आखडता घेतला. वर्गात 'काडी' हे नाव पडलं तेव्हा तर बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं. आता मात्र खायचं म्हटलं तरी खाता येत नव्हतं. घास तोंडाजवळ नेला की घसा आपोआप मिटायचा. हे सांगायचं तरी कुणाला आणि कसं?

बुटकीचे आई-वडील पहाटेच कामावर निघून जायचे; घरात सकाळी खायला काही नसायचं. वर्गात न्याहारी आली त्या पहिल्याच दिवशी काडीने आपला डबा तिच्याकडे सरकवला. बुटकीने एक शब्दही न विचारता तो फस्त केला. तेव्हापासून रोज तेच. एवढं समजून घेणारी मैत्रीण शोधून सापडायची नाही, असं काडीला वाटे.

"कुणाचं राहिलंय?" बाई विचारत होत्या. गाडीवाल्या मावशी रिकामे डबे गोळा करत पुढच्या बाकापर्यंत आल्या होत्या.

"घे ना गं," काडी कुजबुजली. "त्या बघतील."

"बघू देत." बुटकीने स्वतःच्या डब्याचंही झाकण लावून टाकलं. "काल तू जिन्यात पडलीस. पाय घसरला म्हणालीस. मी मागेच होते. तुला चक्कर आली होती. आता तू खाशील तरच मी खाईन."

एवढ्यात बुटकीचं पोट मोठ्याने गुरगुरलं. मागच्या बाकावरची पोरं खिदळली. बुटकी हसली नाही. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिली.

बाई बाकाशी थांबल्या. "काय गं, झाकणं लावून बसलात दोघी?"

काडीने मान खाली घातली.

"खातोय बाई. जरा वेळ द्या," बुटकी म्हणाली.

बाईंनी आळीपाळीने दोघींकडे पाहिलं आणि मावशींना खूण केली. गाडी पुढे गेली.

काडीने पावाचा नखाएवढा तुकडा तोडला. तुकडा तोंडात घातला तसे डोळे भरून आले. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि बराच वेळ चावत राहिली. घसा मिटला, उघडला, पुन्हा मिटला. शेवटी घास खाली उतरला.

बुटकीने झटकन आपला डबा उघडला आणि अख्खं अंडं तोंडात कोंबलं.

"शाळा सुटली की तुझ्या आईला सांगू या," ती भरल्या तोंडाने म्हणाली. "मी येते बरोबर."

काडी नाही म्हणाली नाही. पावाचा दुसरा तुकडा हातात धरून तिने विचारलं, "तुला सगळं कळत होतं, तर इतके दिवस बोलली का नाहीस?"

बुटकीचा घास तोंडातच थांबला.

"तुझा डबा मला मिळत होता ना," ती म्हणाली.