सीटची उंची

"एक, दोन, एक, दोन," फरहत मॅडम घड्याळाकडे बघत म्हणत होत्या आणि छकुली लाकडी पायरीवर चढत होती, उतरत होती. तीन मिनिटं झाली. मॅडमनी तिचं मनगट धरून नाडी मोजली, पुन्हा एकदा मोजली आणि कागदावर आकडा लिहिताना स्वतःशीच हसल्या.

"सहा महिन्यांपूर्वी तू दुसऱ्याच मिनिटाला मटकन खाली बसली होतीस. आठवतं?"

"व्हय मॅडम."

"आज पन्नास मुलांत तू पहिली. बॅटरीच्या सायकलीनं तुमची तब्येत सुधारते का, हेच आमच्या संस्थेला बघायचं होतं. सुधारली की!"

छकुलीचा थोरला भाऊ अविराज कॉलेजातल्या त्या खोलीचं दार अडवून उभा होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. पण संस्थेनं दिलेली सायकल आज तपासणीला आणायची होती आणि ती त्याच्या बुडाखालून सुटली तर येणार ना! एक जिना चढून आलेला हा गडी अजून धापा टाकत होता. दिवाळीपासून त्याच्या शर्टाची पोटावरची गुंडी लागत नव्हती. त्याने छकुलीकडे बघून डोळे वटारले. सकाळी निघताना दिलेला दम तिच्या कानात होताच. "विचारलं तर म्हणायचं, रोज मीच चालवती. वाकडं बोललीस अन् सायकल परत गेली, तर कॉलेज बंद. आण्णांनी सांगितलंय."

आण्णांनी खरंच तसं सांगितलं होतं. सायकल घरात आली त्या दिवशी त्यांनी लेकीचे रिक्षाचे पैसे बंद केले, आता सायकल आहे म्हणून. दुसऱ्या दिवशी अविराजने सायकल ताब्यात घेतली, त्याला डेअरीवर जायला लागते म्हणून. दोन्ही गोष्टी घरात सगळ्यांना अगदी रीतसर वाटल्या. तेव्हापासून जळोचीच्या पुढच्या वस्तीवरून बारामतीतल्या कॉलेजात छकुली चालत येत होती. जायला पाच किलोमीटर, यायला पाच. ऊस उभा होता तोवर कडेकडेने सावली तरी मिळायची, आता तोडणीही होऊन गेली. पहिला महिनाभर पिंढऱ्या ठणकायच्या आणि अंथरुणावर पडल्या पडल्या रडू यायचं. पुढे रडू यायचं थांबलं. राग तेवढा राहिला.

"हा फरक कशामुळे पडला, तूच सांग," मॅडमनी पेन उघडलं.

"सायकलीमुळंच," छकुली म्हणाली. "सायकल आली नसती तर ह्यातलं कायबी झालं नसतं."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. अविराजचा जीव भांड्यात पडला.

मॅडमना अहवालासाठी फोटो हवा होता, म्हणून सगळी खाली अंगणात आली. तिथे संस्थेचे मिस्त्री बादशाहचाचा सायकल तपासत बसले होते.

"मीटर तर लई फिरलाय," चाचा म्हणाले. मग त्यांनी साखळीला बोट लावलं. बोट तांबडं झालं. "साखळीला गंज चढलाय, पोरी. पायडलं कोरी करकरीत. चालवती कशी तू?"

"बॅटरीवर चालवती," अविराज मध्येच खेकसला. "पायडल कशापायी मारंल? तुमी बिरेक बघा की गुमान."

मॅडमनी फोटोसाठी वर धरलेला मोबाइल खाली आला. त्यांनी छकुलीच्या पायांकडे पाहिलं. चपलांच्या टाचा झिजून पार कागदासारख्या झाल्या होत्या.

"छकुली, सायकलवर बस बरं. एक चक्कर मारून दाखव."

सीट अविराजच्या मापाची होती, उंच. छकुली शेजारी उभी राहिली तर ती तिच्या बरगडीला लागली.

"मी दाखवतो की चालवून," अविराजने हँडलला हात घातला. "तिला आज बरं न्हाय."

"आत्ताच तर पयली आली," चाचा म्हणाले.

"छकुले, घरी चल. मग बघतो तुझ्याकडं," अविराज दातओठ खात म्हणाला.

घरी. गप्प बसलं तर सायकल घरी राहणार, कॉलेजही राहणार आणि रोजचे दहा किलोमीटरही राहणार. छकुलीला त्या घराचा, समोरच्या भावाचा आणि मघाशी आलेल्या पहिल्या नंबराचाही संताप आला.

"चाचा, पाना हाय का?"

चाचांनी काही न विचारता पाना तिच्या हातात दिला. तिने सीटखालचा नट ढिला केला आणि नळी आत जाईना तोवर सीट तळव्याने ठोकत खाली नेली. मग नट आवळला, पाना चाचांना परत दिला आणि अविराजचा हात हँडलवरून बाजूला केला.

सायकल तिला येत होती. लहानपणी आण्णांच्या जुन्या सायकलीच्या नळीखालून पाय घालून ती शिकली होती. बॅटरीचं बटण तिने दाबलंच नाही. पहिली चक्कर डगमगत झाली, गंजलेली साखळी करकरली. दुसऱ्या चकरेला ती वळलीच नाही, थेट फाटकापर्यंत गेली. तिथे तिने ब्रेक मारला. पाय अलगद जमिनीला टेकला.

"मॅडम, तो कागद आज पाठवू नगा. खरं काय ते उद्या येऊन सांगती."

"अगं ए! अन् मी घरी कसा येऊ?" अविराज ओरडला.

"चालत ये दादा," छकुली म्हणाली. "पाचच किलोमीटर हाय. तब्येतीला लई फरक पडतो."