बोटभर निळी तार

कूलरचं बाजूचं दार चार बोटं उघडं होतं, आणि आतला पंप सुरूच होता.

मयुरा जागच्या जागी थांबली. कडेवर पिंकी होती, चौदा महिन्यांची, पाण्याचा थेंब दिसला की दोन्ही हात पुढे करणारी. मयुराने तिला दुसऱ्या कडेवर घेतलं, कूलरपासून लांबच्या, आणि भिंतीवरच्या पॅनलकडे पाहिलं. चौथा दिवा हिरवा होता.

तो विझायला हवा होता.

तिचा नवरा जितेंद्र कंपनीत मशीनच्या देखभालीवर होता. तिथून निकामी म्हणून काढलेला कंट्रोलर त्याने घरी आणून बसवला, त्याला तीन आठवडे झाले होते. कंपनीत त्याच्यावर अख्खं मशीन चालायचं. वाडीतल्या या भाड्याच्या दोन खोल्यांत टाकीची मोटर, जिन्यातला लाइट आणि पत्र्याचा हा कूलर चालत होता. उन्हाळ्यात पेपरात कूलरचा शॉक लागून कोणी गेल्याची बातमी आली की मयुरा ती दोनदा वाचायची, म्हणून त्याने कूलरच्या दाराला एक स्विच लावून दिला होता. दार उघडलं की चौथा दिवा विझणार आणि कूलर बंद पडणार. पहिल्या दिवशी तिने चारदा उघडून पाहिलं होतं. चारही वेळा बंद पडला. त्या भरवशावर तिने पिंकीला फरशीवर सोडायला सुरुवात केली होती.

स्वयंपाकघरातून तिने लाटणं आणलं. लाकडाच्या टोकाने दार आत ढकललं, मग पुन्हा ओढलं. पंप चालू. दिवा हिरवा. आणखी एकदा केलं. तेच.

मग ती पॅनलजवळ गेली. काचेसारख्या झाकणातून आतलं सगळं दिसायचं. राखाडी तारा, ओळीने, प्रत्येकीला नंबरचा बिल्ला. जितेंद्रचं काम देखणं असायचं, हे ती कोणालाही सांगत असे. खालच्या कोपऱ्यात मात्र एक बोटभर निळी तार दिसली, एका स्क्रूतून निघून शेजारच्याच स्क्रूत गेलेली. तिला बिल्ला नव्हता. ती पहिल्या दिवशी नव्हतीच.

कूलर बंद करायला तिने हात उचलला आणि मागे घेतला. चालू असतानाच विचारायचं होतं.

जिन्यात पावलं वाजली. जितेंद्र मित्राला, बंटीला, गच्चीवरची टाकी दाखवून खाली येत होता. बंटी कंपनीशेजारच्याच ट्रान्सपोर्टच्या गोदामात कामाला होता. दाराशी चपला काढता काढताच तो बोलायला लागला.

"वहिनी, तुमच्या घरी आता भोंगा तेवढा लावायचा बाकी राहिला. सकाळी वाजला का ह्याले डबा द्यायचा."

"तुझ्या घरी बी असंच करून देतो," जितेंद्र म्हणाला. तो खुशीत होता. कूलरसमोर उभा राहून त्याने घाम पुसला.

"भाऊजी," मयुरा म्हणाली, "कूलरचं पाहिलं का तुम्ही? दार उघडलं की आपोआप बंद होतो. यांना दाखवायला सांगा ना."

जितेंद्रने तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या हातातल्या लाटण्याकडे.

"ते राहू दे. चहा ठेव वं."

"दाखव ना गा," बंटी म्हणाला. "पोट्टे माझ्याही घरी आहेत."

"दार उघडंच आहे, भाऊजी. पाहा, बंद झाला का."

पंप चालूच होता. जितेंद्र दिवाणावर बसला.

"थरथरते ना कूलर," तो म्हणाला. "दार जरासंक हाललं का ट्रिप. दिवसातून दहा-दहा वेळा. तूच म्हणत होती, पोरगी घामानं उठून राहिली. म्हणून ती निळी तार टाकून स्विचले लूप मारला."

"म्हणजे स्विच आहे, पण नाही."

"कंपनीत सगळेच मारतात. लाइन बंद पडली का सुपरवायझर डोक्यावर येऊन बसते."

"कंपनीत चौदा महिन्यांचं कोणी असतं का?"

बंटी हसणार होता, पण हसला नाही.

"मला सांगितलं का नाही?" मयुराने विचारलं.

"सांगितलं असतं तर तू कूलर चालू देला असता?" जितेंद्रचा आवाज चढला. "पंचेचाळीस डिग्रीत पोरगी भाजून राहिली होती. काय करणार होतो मी? तुले तर प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसते. बटनात दिसते, तारेत दिसते. पेपर वाचून वाचून डोकं फिरलं तुझं."

पिंकी कूलरकडे वाकली. मयुराने तिला ओढून छातीशी धरलं. तिला क्षणभर वाटलं, खरंच आपलंच चुकत असेल. तीन आठवडे पोरगी याच फरशीवर खेळली होती, आणि काही झालं नव्हतं.

"त्या कूलरमंदी करंट-बिरंट काही येत नाही," जितेंद्र आता जरा हळू बोलला. "वायरिंग मी सोता केली. कोणी बी हात लावावा."

मयुराने खाली पाहिलं. कूलरमधून गळलेलं पाणी दिवाणापर्यंत आलं होतं.

"मग लावा," ती म्हणाली.

"काय?"

"हात. पिंकी लावते तसा."

जितेंद्र उठला, "हे पाह्य मंग," म्हणाला, आणि ओल्या फरशीवरून अनवाणी दोन पावलं कूलरकडे गेला. तिथे थांबला. मग तो वळला, दाराशी गेला, आणि बंटीच्या रबरी चपलांत पाय घालू लागला.