फारूखभाईंच्या सुऱ्या

शहागंजचे आचारी फारूखभाई आपल्या पाच सुऱ्या घेतल्याशिवाय कुठंच जात नसत. परक्या सुरीनं मटण कापणं म्हणजे परक्या दातांनी जेवणं, असं त्यांचं म्हणणं. हैदराबादला भाचीच्या लग्नात नान-खलिया त्यांच्याच हातचा व्हायचा होता आणि विमानाला जेमतेम तास उरला होता.

विमानाच्या पोटात जाणारी बॅग तपासणीच्या मशीनमध्ये शिरली. पडद्यासमोर बसलेली मोनिका थबकली.

"चाचा, सुऱ्या चालतील. पण हा हात कुणाचा?"

पडद्यावर पाच सुऱ्या होत्या आणि त्यांच्या शेजारी बोटांची हाडं.

बॅग उघडली. टॉवेलात गुंडाळलेल्या पाच सुऱ्या निघाल्या, दुसरं काहीच नाही.

"शादी राहू द्या, घरी चला," त्यांची बायको जाहेदा कुजबुजली.

"येडी का तू? तिकडं पाहुणे उपाशी बसतील."

कुलूप लावून बॅग पुन्हा आत सरकवली. आता ती बोटं हाड तोडायच्या सुरीच्या मुठीवर आवळली होती. मोनिकानं डोळे चोळले, पट्टा मागं घेतला आणि बॅग तिसऱ्यांदा आत सोडली.

"गेला बघा हात!" ती हसली.

जाहेदानं सुस्कारा सोडला. फारूखभाई मात्र पडद्यावरच्या सुऱ्या मोजत होते. चारच भरल्या.