टाकी की ठिपके?

आग लागलीच, तर ही सहा मजली इमारत किती वेळात रिकामी होईल, हे कॉम्प्युटरवर आधीच दाखवायचं काम सर आणि मॅडम या दोन तज्ज्ञांकडे होतं. सरांच्या लेखी माणसं म्हणजे टाकीतलं पाणी, दार उघडलं की वाहून जाणार. मॅडमच्या पडद्यावर मात्र प्रत्येक माणूस हा वेगळा ठिपका होता: कुणी घाबरट, कुणी विसरलेली पर्स आणायला माघारी फिरणारा, कुणी नुसताच पुढच्याच्या मागे धावणारा.

"अहो सर, माणसाला स्वभाव म्हणून काही असतो!"

"हजार स्वभाव एकत्र केले की त्यांचं पाणीच होतं, मॅडम!"

वाद ऐन रंगात आला आणि इमारतीची घंटा ठणाणा वाजायला लागली. जिन्यात धावपळ, आरडाओरडा. मुद्दा अर्ध्यावर तुटला म्हणून मॅडम भयंकर वैतागल्या. "कामाच्या ठिकाणी काय हा गोंधळ!" म्हणत त्यांनी उठून दार घट्ट लावून घेतलं आणि पुन्हा सरांवर तुटून पडल्या.

तळमजल्यावरच्या कॅन्टीनची आग विझवून एकेक खोली तपासत आलेल्या जवानाने दार ढकललं आणि तो ओरडलाच, "अख्खी इमारत केव्हाच खाली गेली! तुम्ही इथे काय करताय?"

"ते राहू द्या हो," दोघं एका सुरात म्हणाले, "लोक बाहेर पडले कसे, तेवढं सांगा!"

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मोठ्या मनाने आपल्या मॉडेलमधली चूक सुधारली. घंटा वाजली तरी जागचा न हलणारा एक नवा ठिपका त्यात घातला.

त्याला नाव दिलं, 'सर'.