मोठ्यानं म्हणायचा शब्द

“पाळी!” फळ्यासमोरची तरुणी पुन्हा म्हणाली. “शिवी नाहीये ती. म्हणा माझ्याबरोबर.”

मुलींनी माना अशा खाली घातल्या, जणू सगळ्यांचंच काहीतरी बाकाखाली सांडलंय. एकीनं ओढणी तोंडात कोंबली. मागच्या बाकांवर खसखस पिकली. दारात उभ्या असलेल्या मुख्याध्यापक बाईंना तर एवढा धक्का बसला, की त्यांनी आधी खिडक्या लावून घेतल्या आणि मग श्वास घेतला.

तरुणी याच गावची, कॉलेजात शिकणारी. मुलींचा गट उभा केला म्हणून गावातली टवाळ पोरं तिला ‘पुढारीणबाई’ म्हणायची. शाळेत मुलींशी बोलायला मिळावं म्हणून तिनं बाईंच्या खोलीचा उंबरठा झिजवला होता. बाईंनी शेवटी एक तास दिला, तोही अट घालून. मुली बोलल्या तर पुढचे तास, नाहीतर हे थेर कायमचे बंद. मुली बोलणार नाहीत, याची बाईंना पक्की खात्री होती, आणि मुलीही इमानेइतबारे बाईंचा शब्द राखत होत्या.

तास संपत आला. आकृती काढून झाली, स्वच्छतेचं सांगून झालं, काही विचारायचंय का म्हणून विनवून झालं. एकीनं तोंडातून ब्र काढला असेल तर शपथ. सगळं मुसळ केरात जाणार, असं दिसू लागलं.

तेवढ्यात पहिल्या बाकावरची सगळ्यांत लहानखुरी मुलगी उठली. दोन घट्ट वेण्या, हातात बाकाची कड.

“ताई, पुढच्या महिन्यात माझी पाळी आहे.”

निघाला शब्द! तोही न अडखळता. पुढारीणबाईला इतका आनंद झाला, की तिनं लढाई जिंकल्यासारखं दाराकडे पाहिलं. बाई दुसरीकडेच बघत होत्या.

“शाब्बास! पण अगं, पहिली पाळी अशी आधी सांगून नाही येत.”

“घरच्यांनी तारीख धरलीय.”

पुढारीणबाईला हसू फुटलं. एवढ्या-तेवढ्यावर खिदळणाऱ्या मुली मात्र या वेळी हसल्या नाहीत. लहान आहे, गोंधळ व्हायचाच, असं म्हणत पुढारीणबाई बाकाजवळ गेली आणि तिनं मुलीच्या खांद्यावर हात ठेवला.

“घाबरलीस होय, वेडाबाई? अगं, प्रत्येकीची येते. माझी आली, बाईंची आली. तुझ्या मोठ्या बहिणीचीही आली असेल.”

“आक्काची आली होती. लई रडली ती.”

“त्यात रडायचं काय? आत्ताच सांगितलं ना मी, जिवाला काही होत नाही त्यानं.”

मुलीनं मान वर केली. ती घाबरलेली नव्हती. साधी गोष्ट न कळणाऱ्याला समजावून सांगावं, तशी ती शांतपणे बघत होती. ती नजर पाहून पुढारीणबाईनं तिच्या खांद्यावरचा हात काढून घेतला. का, ते तिला कळेना.

“झालं ना, ताई. आक्का बाळंतपणात गेली. आता दाजींच्या घरी नांदायची माझी पाळी.”