बोटीचं नाक

"परत फिरव," भिमाबाई म्हणाली. "नाक अजून आभाळातच आहे."

तिच्या लेकाने, मधुकरने बोट वळवली. मागे इंजिनजवळ बसलेल्या कल्पेशने कपाळाला हात लावला. कल्पेश सिल्वासाचा, आमलीत त्याचं इंजिन दुरुस्तीचं दुकान. पहाटेच्या जीपने तो पिशवीत बोटीच्या इंजिनाचे, पाण्यात फिरणारे निरनिराळे पंखे घेऊन दुधनीच्या धक्क्यावर आला आणि तिथून मधुकरने त्याला धरणाच्या या काठाला, आपल्या गावात आणलं.

"मासी, बोट आहे ही, पाळणा नाय."

"आज पाळणाच पाहिजे मला."

सून शोभा पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. काल संध्याकाळी प्रमिला नर्सबाई येऊन तपासून गेल्या. उद्याच सिल्वासाला भरती करा, म्हणाल्या. त्या गेल्यावर भिमाबाई बराच वेळ अंगणात उभी राहिली. मग मधुकरला हाक मारून म्हणाली, आमलीच्या त्या कारागिराला निरोप धाड, बोट नीट केल्याशिवाय माझी सून तीत बसणार नाही.

मधुकरला नवलच वाटलं. सामरवरणीच्या कारखान्यातली नोकरी सोडून त्याने ही बोट घेतली, तेव्हापासून आई तिला फायबरचं डबडं म्हणायची. सहलीला येणाऱ्यांना बोट उडालेली आवडते. बायका किंचाळतात, पोरं टाळ्या पिटतात. शोभाला मात्र सासूने त्या डबड्यात आजवर पाऊल ठेवू दिलं नव्हतं.

जुना पंखा जास्त पिळाचा. एका फेऱ्यात पाणी लांब रेटायचा. वेगात ठीक, पण हळू चालवलं की बोटीचं बूड खाली बसायचं, नाक वर जायचं आणि थाप थाप आपटायचं. कल्पेशने आधी कमी पिळाचा पंखा लावून पाहिला. इंजिन डुकरासारखं ओरडलं. मग चार पात्यांचा लावला. बोट हळू असतानाही पाण्याला धरून राहिली.

"आता?" त्याने विचारलं.

भिमाबाई मधल्या फळीवर बसली होती, जिथे शोभा बसणार होती तिथेच. "कंबरेला अजून लागतंय."

"तुमची कंबर जुनी आहे, मासी."

"जुनी आहे म्हणूनच खोटं बोलत नाही. तुझ्यासारखी दुकान मांडून बसलेली नाही ती."

मधुकर हसला. कल्पेशही हसला आणि त्याने पिशवीतून स्टीलचे दोन पत्रे काढले. याला टॅब म्हणतात, म्हणाला. बोटीच्या मागे, खाली, दोन्ही अंगांना ते बसवायचे. पत्रा झुकवला की पाणी बूड उचलतं आणि नाक खाली येतं.

पहिल्या खेपेला पत्रे फार झुकले. नाक पाण्यात घुसलं, बोट डावीकडे वळली आणि भिमाबाई नखशिखांत भिजली.

"माझी आंघोळ सकाळीच झाली होती रे, मेल्या."

कल्पेशने स्क्रू सैल केले. डावा पत्रा थोडा, उजवा त्याहून थोडा. पुन्हा फेरी. पुन्हा स्क्रू. ऊन डोक्यावर आलं.

"आई, बस झालं," मधुकर म्हणाला. "नर्सबाई धक्क्यावर ताटकळल्या असतील. तुला घाई कशी नाही?"

"तू सुकाणू धर. घाईचं मी बघते."

"अन् एवढं करून काय फायदा?" कल्पेश हात पुसत म्हणाला. "पुढे खानवेलच्या रस्त्यावर जीप आपटणारच."

"जीप आपटली तर लोक सरकारला शिव्या देतील. माझ्या लेकाची बोट आपटायची नाही."

त्यानंतरच्या फेरीला भिमाबाई डोळे मिटून बसली. काठ आला तरी तिने ते उघडले नाहीत. "आण आता तिला," एवढंच म्हणाली.

शोभा आली, हिरव्या लुगड्यात, दोन्ही हात पोटावर. मधुकरने तिला असं बसवलं, जसं काचेचं भांडं ठेवावं. स्वतः उभा राहून, मान ताणून, पाण्यातली प्रत्येक लाट बघत त्याने बोट चालवली. मध्येच सहलीची एक बोट जवळून सुसाट गेली. तिच्या लाटा आल्या आणि खालून निघून गेल्या. आत काही हललं नाही.

"आत्याबाई, मला उगाच भीती घातली होतीत," शोभा म्हणाली. "बाळसुद्धा झोपलंय. कालपासून गप्प आहे अगदी."

"झोपू दे. पदर घे डोक्यावर, ऊन लागतंय."

"आई, आता तरी डबडं म्हणू नकोस," मधुकर मागून म्हणाला. "बाळाला पाणी ओलांडलेलं कळलं तरी का?"

"नाही कळलं," भिमाबाई म्हणाली. "चांगली चालवलीस."

लहानपणापासून आईने त्याला चांगलं म्हटलेलं त्याला आठवत नव्हतं. त्याने तोंड फिरवून डोळे पुसले.

दुधनीच्या धक्क्यावर प्रमिला नर्सबाई जीप घेऊन थांबल्या होत्या. मधुकर शोभाला धरून एकेक पायरी चढवू लागला. नर्सबाई खाली भिमाबाईजवळ आल्या.

"दोघांना काही बोलला नाहीत ना?"

"मोठे डॉक्टर सांगतील, असं तुम्हीच म्हणालात."

"हो, पण मग सकाळपासून हे पंखे, हे पत्रे कशाला?" नर्सबाईंनी आवाज आणखी खाली आणला. "बाळाचे ठोके कालच थांबले होते, भिमाबाई. बोट कितीही आपटली असती तरी आता काय फरक पडणार होता?"

वर मधुकर वळून आईला हात करत होता.

"त्याला आयुष्यभर ही बोट चालवायचीय," भिमाबाई म्हणाली.