उघडलेलं आमंत्रण

बेल वाजली तेव्हा अनिपा दुपारचा चहा पीत होती. तिनं दाराच्या भिंगातून पाहिलं. बाहेर एक गडी मेंढ्याचं दावं धरून उभा होता आणि त्याच्या शेजारी डोक्याला पांढरं फडकं बांधलेली एक म्हातारी.

किरगिझस्तानातल्या ओश शहरातल्या त्या घराला पाटी नव्हती. गल्लीत सगळे त्याला शिवणक्लास समजत. पळवून आणून लग्न लावलेल्या मुली तिथून सुटून इथं येऊन राहतात, हे मोजून नऊ माणसांना ठाऊक होतं. मदतीचा नंबर भिंतीभिंतीवर चिकटवलेला होता, पत्ता मात्र कुठंच नव्हता. तरीही दारात वडीलधारी बाई उभी असताना दार बंद ठेवणं हे घर चालवणाऱ्या अनिपाच्या रक्तातच नव्हतं. तिनं उघडलं.

"सलाम, एजे," गडी अदबीनं म्हणाला. एजे म्हणजे ताई. "मी एल्दियार. चोलपोनचा थोरला दीर. बाजारात फोन दुरुस्त करतो. मुलगी नेली की माहेरचा राग निवायला मेंढा द्यायची रीत, म्हणून हा आणलाय. तिचं माहेर आता तुम्हीच ना?"

अशी कुणी चोलपोन इथं राहत नाही, असं अनिपानं सांगून पाहिलं. तो हसला.

"तुम्ही आमचं आमंत्रण उघडलंत, एजे. फार उपकार झाले."

अनिपाला आठवलं. शनिवारी ऑफिसच्या संगणकावर ते आलं होतं. सोनेरी अक्षरं, कोमूझच्या तारांची धून, सहकुटुंब सहपरिवार यावं. नाव ओळखीचं नव्हतं, पण सात पिढ्या मागं गेलं की या गावात कुणाचं कुणाशी नातं निघत नाही? लग्नाचं आमंत्रण न उघडता बाजूला सारणारी बाई अजून किरगिझांत जन्मायची होती. मध्येच पडद्यानं काहीतरी परवानगी मागितली आणि वधूवरांचे फोटो दिसतील म्हणून तिनं 'हो' दाबलं. फोटो आलेच नाहीत. त्याच संगणकात मुलींची यादी होती, आणि या घराचा पत्ताही.

चोलपोननं बजावलं नव्हतं असंही नाही. ती शाळेत संगणक शिकवायची. आल्या दिवशीच तिनं पडद्याच्या कडेला चिठ्ठी डकवली होती: 'जुन्या ब्राउझरमध्ये काही उघडू नका. अपडेट विचारलं की लगेच करा.' पण सरकारी अहवाल त्या जुन्या ब्राउझरमध्येच नीट भरता यायचा. शिवाय संगणकवाल्यानं सॉफ्टवेअरची चोरीची प्रत घालून दिली होती आणि अपडेटला हात लावाल तर सगळं बंद पडेल, असा दम भरला होता. म्हणून वर्षभर रोज सकाळी पडद्यावर अपडेटची खिडकी उघडे आणि अनिपा 'नंतर' दाबी. चोराच्या हाती किल्ल्या देणं याहून वेगळं काय असतं?

एल्दियार म्हणाला की त्याचा भाऊ पाहुणेमंडळी घेऊन चोलपोनला न्यायला निघालाय, वीस मिनिटांत पोचेल. "मी कुणाला हात लावणार नाही. मी आपला फाटकापाशी उभा राहतो. तोवर आजी आहे." आणि तो खरंच मेंढा घेऊन फाटकापाशी जाऊन उभा राहिला.

म्हातारीनं जोडे काढले, नीट जुळवून ठेवले आणि हळूच उंबऱ्यावर आडवी झाली. आता दार लावताही येईना.

अनिपानं ठाण्यात फोन लावला. साहेब जेवायला बसले होते. घरगुती मामला आहे, नंतर येऊन बघतो, म्हणाले. आपलाच 'नंतर' कानात परत आलेला ऐकून तिला स्वतःची किळस आली.

चोलपोन कधीच मागं येऊन उभी राहिली होती. कोट अंगात, बूट हातात. कोपऱ्यावर टॅक्सी बोलावलीय, ती म्हणाली, पण दार हे एकच.

"मला पळवून नेलं त्या दिवशी हीच आडवी पडली होती," ती हळू आवाजात बोलली. "म्हाताऱ्या माणसाला ओलांडलं तर शाप लागतो म्हणून मी थांबले. दोन वर्षं थांबले. तुम्ही आधी ओलांडा, एजे. तुमच्या मागून मी येते."

अनिपा उंबऱ्याशी गेली. सतरा मुलींना तिनं समजावलं होतं की शाप वगैरे काही नसतं, हे सगळं तुम्हाला डांबून ठेवायला काढलंय. आता बोलण्यातलं पायात उतरवायचं, एवढंच उरलं होतं. तिनं पाय उचलला.

म्हातारीनं खालून तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता.

"पोरंबाळं आहेत का गं तुला?"

अनिपाचा एकुलता एक मुलगा मॉस्कोत सोळाव्या मजल्यावर बांधकामाच्या परांच्या बांधायचा. सकाळीच त्याचा फोन येऊन गेला होता, तिकडं बर्फ पडतोय म्हणून.

"एजे," मागून चोलपोन म्हणाली. "आत्ता, की नंतर?"

गल्लीच्या टोकाला गाड्यांचे हॉर्न ऐकू आले, लग्नाच्या वरातीत वाजवतात तसे. फाटकापाशी मेंढा ओरडला. अनिपाचा पाय म्हातारीच्या पोटावर अधांतरी राहिला, आणि मग तिनं तो परत आतच ठेवला.

तिला मागं वळवेना. चोलपोननं हातातले बूट परत जागेवर ठेवल्याचा आवाज तेवढा आला. आधी एक, मग दुसरा.